तीन नंबरचा बावटा

फोंडाघाटाच्या बाजारपेठेतून समुद्र दिसत नाही. पुढे डोंगराची भिंत आणि मागे पन्नासेक किलोमीटरवर देवगड, अशा मध्यावर हे गाव बसलंय. तरीही दर्यावर काय चाललंय ते इथे लपत नाही. मासळीची गाडी वेळेवर आली नाही, आली तर तिच्यात बर्फच जास्त दिसला, की कोणीतरी सांगतं, ‘बावटो लागलो.’ एवढ्यावर पुढचं सगळं समजायचं. होड्या आत आल्या, जहाजांची भराई थांबली, आता दोन-चार दिवस बाजार सुका.

देवगड-निपाणी रस्त्यावरचं हे गाव म्हणजे बंदर आणि देश यांच्यामधला उंबरठा. पूर्वी मीठ, सुकी मासळी, नारळ इथून घाट चढत. वरून गूळ, तंबाखू, धान्य खाली उतरे. आता बैलगाड्यांच्या जागी ट्रक आले, पण गणित तेच राहिलं. म्हणून किनाऱ्याला वादळाचा तडाखा बसल्यावर बंदर पुन्हा उभं कसं राहतं, हा प्रश्न जितका धक्क्यावरच्या माणसाचा, तितकाच घाटाच्या पायथ्याच्या माणसाचाही आहे.

आधी त्या बावट्याबद्दल. नाव बावटा असलं तरी खांबावर चढतं ते कापडी निशाण नव्हे. दिवसा शंकू आणि नळकांडी यांच्या ठरलेल्या जोड्या, रात्री तांबडे-पांढरे दिवे. एकूण ११ खुणा. एक नंबर म्हणजे दूर समुद्रात कमी दाबाचा पट्टा आहे, बंदर सोडून निघणाऱ्याने जपावं. दोन म्हणजे दूरवर वादळ तयार झालंय. तीन लागला की बंदरातच वारा-पावसाचा मारा अपेक्षित. चारला वादळाचा धोका बंदराला आहे, पण अजून टोकाची तयारी नको. पाच ते सात हे धोक्याचे, आठ ते दहा महाधोक्याचे. या दोन्ही गटांत नंबर बदलतो तो वादळ बंदराच्या कोणत्या अंगाने जाणार किंवा थेट डोक्यावरून जाणार, यावरून. आणि ११ नंबरचा अर्थ सर्वांत भयंकर: हवामान खात्याशी संपर्कच तुटला आहे, आता तुमचं तुम्ही बघा.

या व्यवस्थेचं मूळ कलकत्त्यात आहे. १८६४ च्या चक्रीवादळाने तिथलं बंदर उद्ध्वस्त केलं आणि दुसऱ्याच वर्षी, १८६५ मध्ये, बंदराला वादळाची पूर्वसूचना देण्याची पद्धत सुरू झाली. भारतीय हवामान खातं स्थापन झालं त्यानंतर दहा वर्षांनी, १८७५ मध्ये. म्हणजे या देशात सरकारी हवामानशास्त्राचा पाळणा शेतकऱ्याच्या बांधावर हलला त्याआधी बंदरात हलला होता. आज इशारा मोबाइलवर येतो, तरी देवगड, मालवण, वेंगुर्ल्याच्या बंदर कार्यालयाच्या खांबाकडे नजर जाते ती जातेच. फक्त एक अडचण झाली आहे. पावसाळ्यात तीन नंबर इतक्यांदा चढतो-उतरतो, की माणसं त्याला सरावली आहेत. रोज वाजणाऱ्या घंटेसारखं त्याचं झालंय.

सिंधुदुर्गाला १२१ किलोमीटरचा किनारा आहे आणि त्यावरची बंदरं स्वभावाने एकमेकांसारखी अजिबात नाहीत. देवगडची खाडी किल्ल्याच्या भूशिराने नैर्ऋत्येकडून झाकलेली. रत्नागिरी जिल्ह्याच्या १८८० च्या गॅझेटियरनेही या बंदराची नोंद सर्व ऋतूंत शांत पाण्याचं, सुरक्षित बंदर अशीच केली आहे. उत्तरेचं विजयदुर्ग वाघोटण नदीच्या मुखावर. तोंडाशी वाळूचा अडसर नाही, त्यामुळे खवळलेल्या हवेतही जहाज आत घेता येतं. आंग्र्यांनी आरमार इथे ठेवलं आणि गिर्ये गावाजवळ गोदी खोदली ती काही शोभेसाठी नव्हे. अलीकडच्या काळात याच बंदरातून कोल्हापूरकडच्या साखर कारखान्यांची मळी जहाजांत भरली गेली. याउलट वेंगुर्लं. सतराव्या शतकात डचांनी इथे वखार घातली, बेळगावपर्यंतचा व्यापार या गावाने सांभाळला, पण बंदर तसं उघडं. पावसाळा लागला की आगबोट बंद, ही गोष्ट कोकणच्या दोन-तीन पिढ्यांना पंचांगासारखी पाठ होती.

दक्षिणेला गोव्याच्या सीमेला टेकलेलं रेडी हे खऱ्या अर्थाने मालवाहू बंदर. इथल्या खाणींतून लोहखनिज निघतं. (१९७६ मध्ये खाणीतच दोन हातांची गणेशमूर्ती सापडली आणि रेडीला बंदराइतकीच देवळाचीही ओळख मिळाली.) मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, ते खोल पाण्यात नांगर टाकून उभं राहतं. खनिजाचे ढीग धक्क्याजवळ, तिथून बार्जमध्ये, बार्ज जहाजाच्या कुशीला आणि मग क्रेनचा पंजा एकेक घास उचलून जहाजाच्या पोटात टाकतो. मालाची अशी दोनदा हाताळणी म्हणजे दोनदा वेळ आणि दोनदा जोखीम. समुद्र थोडा हलायला लागला की बार्ज आणि जहाज एकमेकांवर आपटू लागतात. त्यामुळे अशा बंदरात काम थांबवण्याचा निर्णय वादळाच्या कितीतरी आधी घ्यावा लागतो. बार्ज खाडीत आत पाठवायचे, जहाजाची झाकणं बंद करायची आणि जहाजाला चक्क बाहेर, खोल समुद्रात जायला सांगायचं.

हे ऐकून सामान्य माणूस चक्रावतो. वादळ येतंय आणि जहाज समुद्रात पाठवायचं? पण मोठ्या जहाजाचा शत्रू पाणी नसून जमीन आहे. इंजिन चालू असलेलं, तोंड वाऱ्याकडे धरलेलं जहाज मोकळ्या समुद्रात लाटा झेलतं. धक्क्याला बांधलेलं जहाज त्याच लाटांनी धक्का फोडतं आणि स्वतःही फुटतं. लहान नौकेचं मात्र उलट. तिला आडोसा हवा. म्हणून वादळाची बातमी आली की किनाऱ्यावर एक विचित्र दृश्य दिसतं: मोठी जहाजं बाहेर निघालेली आणि मच्छीमार नौका आत घुसणाऱ्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘क्यार’ हे महाचक्रीवादळ अरबी समुद्रात घोंगावत होतं, तेव्हा देवगडच्या खाडीत गुजरात, कर्नाटक, तमिळनाडूच्या नौका येऊन थांबल्या होत्या. भाषा वेगळ्या, नांगर एकाच चिखलात.

त्या २०१९ सालाने कोकणाची जुनी समजूत मोडली. वादळं बंगालच्या उपसागराची, आपल्याकडे फक्त पाऊस, असं म्हणायची सवय होती. त्या एका वर्षात अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली. त्याआधी ११ नोव्हेंबर २००९ ला ‘फयान’ने इशारा दिलाच होता. ते अलिबाग ते मुंबईच्या दरम्यान जमिनीवर आलं, पण बळी घेतले खोल समुद्रात गेलेल्या नौकांचे. बावटा किनाऱ्यावर लागला तरी चाळीस-पन्नास मैल आत गेलेल्या तांडेलाला तो दिसणार कसा? मग ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ श्रीवर्धनच्या परिसरात धडकलं, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत ‘तौक्ते’.

‘तौक्ते’ हे नाव म्यानमारने दिलेलं, अर्थ पाल. १४ मे २०२१ ला लक्षद्वीपजवळ जन्मलेलं हे वादळ किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकत गेलं, भिंतीवरून पाल सरकावी तसंच. १६ मेला ते गोवा-सिंधुदुर्गासमोरून गेलं. जमिनीवर आलं १७ मेच्या रात्री, गुजरातेत उना आणि दीवच्या बाजूला, ताशी १८५ किलोमीटरपर्यंतच्या झोतांसह. सिंधुदुर्गाला ते थेट धडकलंच नाही, नुसतं अंग घासून गेलं. तेवढ्यात आंबा-काजूच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले, गावं दिवसेंदिवस अंधारात राहिली. मुंबईत कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी ११४ किलोमीटरवर गेला आणि सांताक्रूझला २४ तासांत २३० मिलिमीटर पाऊस पडला, तोही मे महिन्यात.

वाऱ्याच्या या आकड्यांत एक फसवणूक असते. वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. वरून हवेचा दाब कमी झाला की समुद्राची पातळीही चढते; दर एक मिलिबारला साधारण एक सेंटिमीटर, असा ढोबळ हिशेब. त्यात वारा पाणी किनाऱ्याकडे ढकलतो आणि भरतीची वेळ जुळली तर एरवी हातभर खाली असणारं पाणी धक्क्यावर येतं. ज्या आनंदवाडीत, देवगडच्या त्या सुरक्षित खाडीत, नौका पिढ्यानपिढ्या निर्धास्त उभ्या राहिल्या, तिथेच १६ मेच्या वादळात नांगरलेल्या नौका सुटून बुडाल्या आणि खलाशांचे जीव गेले. गॅझेटियरमधलं शांत पाणी खोटं नव्हतं, पण ते जुन्या हवामानाचं वर्णन होतं. खाडीत तेव्हा किती गलबतं असत आणि आता किती नौका एकमेकींना खेटून उभ्या असतात, हेही त्यात धरलं पाहिजे. एक दोर तुटला की ती नौका शेजारणीला घेऊनच जाते.

त्याच दिवसांत मुंबई हायजवळ घडलेली गोष्ट तर देशाने पाहिली. पी-३०५ हा राहण्याचा बार्ज नांगर तुटून भरकटला आणि बुडाला. सोबत वरप्रदा ही टगबोट. दोन्हींवर मिळून २७४ माणसं होती, त्यांतली १८८ वाचली. नौदलाच्या जहाजांनी अंधारात, डोंगराएवढ्या लाटांत माणसं वेचली हे खरंच, पण इशारा तीन दिवस आधी हाती होता, हेही तितकंच खरं. बावटा लावणारा हात आणि तो पाहून काम थांबवणारा हात, यांच्यामध्ये पैशाचा हिशेब उभा असतो. एक दिवस काम बंद म्हणजे किती नुकसान, याचा आकडा प्रत्येक ठेकेदाराला तोंडपाठ असतो. बुडण्याचा आकडा नंतर कळतो.

वारा एका रात्रीत जातो. बंदराची खरी परीक्षा नंतर सुरू होते, आणि तिची बातमी होत नाही.

पाणी निवळलं की पहिली चौकशी खोलीची. वादळ तळाची वाळू इकडची तिकडे करतं. काल जिथे सहा मीटर पाणी होतं तिथे आज तेवढं आहे, याचा काही भरवसा नाही. पूर्वी होडीतून शिशाचा ओळंबा सोडत जायचं. आता ध्वनिलहरींची यंत्रं तळ रेखाटून देतात. मग वाट दाखवणारे बोये जागेवर आहेत का, की साखळी तुटून दोन मैलांवर गेलेत, हे पाहायचं. बोया हरवला तर बरा, सरकलेला बोया त्याहून वाईट. तो आत्मविश्वासाने खडकावर नेतो. वेंगुर्ल्यासमोर समुद्रात खडकांचा जो पुंजका आहे, तो ठाऊक असलेल्या कुणालाही यातली गंमत उमगेल. पाठोपाठ बुडालेल्या नौका, तरंगणारी लाकडं, जाळी. पंख्यात जाळं अडकून बंद पडलेलं इंजिन हे वादळानंतरच्या आठवड्यातलं नेहमीचं दुखणं. धक्क्याच्या खालून पाण्याने माती खाल्ली आहे का, हे वरून चालणाऱ्याला दिसत नाही. त्यासाठी पाणबुडे उतरवावे लागतात. एवढं होऊन वीज आली, वजनकाटा चालू झाला, कागदपत्रांचं टेबल कोरडं झालं, म्हणजे बंदर उघडलं. महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे अशी ४८ लहान बंदरं आहेत. मोठ्या बंदरांकडे स्वतःचे ड्रेजर, टग, पाणबुडे असतात. लहान बंदराला हे सगळं दुसरीकडून येण्याची वाट पाहावी लागते.

या सगळ्यात सर्वांत चिवट निघतं ते घसरून आलेलं जहाज. ६ जून २००० ला ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे खनिजवाहू जहाज वादळी हवेत नांगर सोडून गोव्यात कांदोळीच्या वाळूत येऊन बसलं. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. मालकी, कायदा, निविदा, पुन्हा निविदा असं करत करत ते पूर्ण निघायला २०१२ उजाडलं. तोवर लाटांनी आपली वाट बदलली, आजूबाजूचा किनारा खाल्ला गेला आणि त्या जहाजाच्या पार्श्वभूमीवर पर्यटकांच्या एका पिढीचे फोटो काढून झाले. गोव्यातच २४ ऑक्टोबर २०१९ ला, ‘क्यार’च्या वेळी, ‘नू शी नलिनी’ हे टँकर मुरगावच्या बाहेरून घसरत दोनापावलाच्या खडकांवर आलं. जहाजावर एकही माणूस नव्हता, पोटात मात्र दोन हजार टनांहून जास्त नाफ्था. तो काढून घेईपर्यंत पणजीच्या राज्यकर्त्यांची झोप उडाली होती. ‘निसर्ग’च्या दिवशी रत्नागिरीत ‘बसरा स्टार’ मिऱ्याच्या बंधाऱ्यावर येऊन आदळलं. १३ खलाशी सुखरूप उतरले, जहाज मात्र पुढची कित्येक वर्षं तिथेच गंजत बसलं.

तिन्हींचा धागा एकच. जहाज ठणठणीत असताना त्याचे दहा मालक पुढे येतात: बँक, विमा कंपनी, भाडेकरू, दलाल. ते वाळूत रुतलं की एकही सापडत नाही. वादळाने केलेलं नुकसान माणूस महिनाभरात निस्तरतो. कोर्टकचेरीने केलेलं निस्तरायला दशक लागतं. म्हणून बेवारस, माणसांविना नांगरून ठेवलेल्या जहाजांकडे बंदराने उन्हाळ्यातच पाहायला हवं, १५ मेनंतर नव्हे.

आणि आता परत घाटाकडे; पण आधी, बंदर उघडूनही माल कसा अडतो याचं एक लांबचं उदाहरण.

अमेरिकेच्या ताब्यातल्या पोर्तो रिको बेटावर २० सप्टेंबर २०१७ ला ‘मारिया’ हे वादळ आदळलं. तिथलं सान हुआन बंदर काही दिवसांत उघडलं, मदतीची जहाजं लागली, माल उतरला. पण आठवडा उलटला तरी सुमारे दहा हजार कंटेनर धक्क्यावरच पडून होते. अन्न होतं, पाणी होतं, औषधं होती. ट्रकला डिझेल नव्हतं, चालकांशी संपर्क नव्हता, रस्त्यांवर झाडं आणि तारा पडलेल्या. बंदर चालू आणि बेट उपाशी, अशी ती अवस्था. त्याआधी २००५ मध्ये ‘कतरिना’ने मिसिसिपीतल्या गल्फपोर्ट बंदराची दैना केली होती. गोठवलेली कोंबडी निर्यात करणाऱ्या त्या बंदरातले कंटेनर वस्तीत वाहून गेले, फुटले, आणि उन्हात सडणाऱ्या मांसाच्या वासाने शहर हैराण झालं. मालवाहतूक हा शब्द किती शाकाहारी वाटतो. प्रत्यक्षात कंटेनरमध्ये काय आहे त्यावर वादळानंतरचं जगणं ठरतं.

कोकणात ही साखळी घाटाशी तुटते. ‘तौक्ते’ आलं तेव्हा करोनाची दुसरी लाट भरात होती आणि सिंधुदुर्ग, गोव्याचा ऑक्सिजन बऱ्याच अंशी कोल्हापूरकडून येत होता. समुद्रावर वादळ, पण प्रशासनाच्या जिवाला घोर रस्त्याचा: एक मोठं झाड आडवं पडलं, एक दरड उतरली, तर सिलिंडरची गाडी अडायची. देवगड-निपाणी रस्ता नांदगाव तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्ग ओलांडतो, फोंडाघाटातून वळणं घेत दाजीपूरच्या जंगलात चढतो आणि राधानगरीकडे जातो. शेजारचा करूळ घाट २०२४ च्या सुरुवातीला रुंदीकरणासाठी बंद झाला, तो वर्षभराहून अधिक काळ. त्या काळात कोल्हापूरकडची बरीच वाहतूक फोंड्याच्या वळणांवर आली. घाटात एक कंटेनर अडकला की पायथ्याच्या गावात रांग लागते, आणि रांगेतला प्रत्येक चालक अर्ध्या तासात बंदर, भाडं आणि सरकार या तीन विषयांतला तज्ज्ञ होतो. वैभववाडी-कोल्हापूर रेल्वेमार्गाची चर्चा वर्षानुवर्षं चालली आहे. तो झाला तर विजयदुर्गच्या खोल पाण्याला पाठीमागून हात मिळेल. तोवर सगळा भार या डांबरी वळणांवर.

बंदर विकासाच्या योजना मात्र धक्क्याची लांबी, पाण्याची खोली, टनांचे आकडे यांतच रमतात. घाटातल्या मोऱ्या तुंबल्या आहेत का, दरडीच्या जागी जाळी बसवली का, वादळाच्या आदल्या दिवशी झाडं कापायचं यंत्र नि जेसीबी कुठे उभा करायचा, हे प्रश्न बंदर खात्याच्या कागदावर येत नाहीत, कारण ते बांधकाम खात्याचे. खरं तर पंधरा हजारांचा डिझेल साठा आणि दोन माणसं घाटाच्या तोंडाशी ठेवली, तर कोट्यवधींच्या धक्क्याचा उपयोग वादळानंतर लवकर सुरू होतो.

२०२१ मध्ये कोकणच्या बंदरांना सावरायला हंगामच उरला नव्हता. ‘तौक्ते’ गेलं तेव्हा मेचे दोन आठवडे शिल्लक. १ जूनपासून मासेमारीबंदी. आंबा झाडाखाली पडलेला, त्यातला बरा होता तो कॅनिंगला गेला. फुटलेल्या नौका किनाऱ्यावर ओढल्या गेल्या, त्यांवर झापं आणि ताडपत्री आली, सुतार आणि फायबरचं काम करणारे यांना पावसाभर फुरसत मिळाली नाही. जुलैच्या २२ तारखेला चिपळूण बुडालं आणि सह्याद्रीच्या घाटांत ठिकठिकाणी दरडी उतरल्या. बंदर तेव्हा बंदच होतं, रस्ताही अधूनमधून बंद. नारळी पौर्णिमा त्या वर्षी २२ ऑगस्टला आली. बंदी त्याआधीच, १ ऑगस्टला उठते, पण तेव्हाही खांबावर बहुधा तीन नंबरच असतो, आणि मालवण-देवगडचे जुने तांडेल नारळ सोडल्याशिवाय लांब जात नाहीत. मग कधीतरी भल्या पहाटे फोंडाघाटाच्या नाक्यावर पाणी ठिबकवत एक टेम्पो थांबतो, चालक चहा मागवतो, आणि मागच्या फळीखालून बांगड्याचा वास सुटतो.